तीन आणि चार नंबरचे सेल

ही गोष्ट खरी आहे. बनवून सांगायची असती तर मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

तारीख ४ मे २०१०, मंगळवार. जागा सुकापूर, नवीन पनवेलला लागून. तीन मजली बिल्डिंग, त्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

वेळ... दुपारची.

हो, दुपारचीच. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात आमच्याकडे दोन ते चार बसून बघावं. लोडशेडिंगमुळे पंखा थांबलेला असायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. घरात कोणी श्वास घेतला तरी ऐकू यायचा.

मी रेवा. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. नवरा सत्यजीत, तळोज्याला एका कंपनीत मेंटेनन्सला. मुलगी शिकायला पुण्यात. आणि सासूबाई, वसुंधरा त्यांचं नाव. आम्ही दोघंही त्यांना आई म्हणायचो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला किळस फार. लहानपणापासून. दुधावरची साय ओठाला लागली तरी मला उमासा येतो. बेसिनच्या जाळीत केस दिसला की जेवण जात नाही. माहेरी सगळे चिडवायचे, हिला राजवाड्यात द्यायला हवं म्हणायचे. दिली सुकापूरला.

आणि २००९ च्या डिसेंबरात आईंना अर्धांगवायूचा झटका आला.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डावा हात तेवढा राहिला, आणि डोकं मात्र अगदी शाबूत. त्यांना सगळं कळायचं. मी नाकाला पदर लावून खोलीत शिरले की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

मला आईंची किळस यायची. लिहिलं एकदाचं.

गावातल्या शकूताई सकाळी सातला येऊन त्यांचं सगळं करायच्या आणि साडेनऊला जायच्या. संध्याकाळी पाचला पुन्हा एक फेरी. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती, त्यामुळे मधले सात-साडेसात तास माझे. रात्री सत्यजीत आईंच्याच खोलीत झोपायचा.

त्याने एक वायरलेस बेल आणली. लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून सेलवर चालणारी. बटण आईंच्या डाव्या हाताखाली, आणि बेलची डबी स्वयंपाकघरात फ्रीजवर. आईंनी बटण दाबलं की बटणावर लाल ठिपका लागायचा आणि डबीतून पाखराची चिवचिव यायची. बटणातली छोटी बॅटरी वर्ष वर्ष जाते. डबीला मात्र दोन पेन्सिल सेल लागायचे, आणि ते भराभर संपायचे.

इथे सेलबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं त्यांच्यावरच आहे.

सत्यजीतकडे रिचार्जेबल सेल होते. पूर्वी कॅमेऱ्याबरोबर चार्जर आणि चार सेल आले होते. त्याने माझ्या नेलपॉलिशने त्यांच्यावर आकडे काढले. एक-दोनची जोडी, तीन-चारची जोडी. जोड्या मोडायच्या नाहीत असा त्याचा नियम. मग एकदा आम्ही अलिबागला गेलो आणि तीन-चार चार्जरमध्येच राहिले, चार दिवस. तेव्हापासून ती जोडी कामातून गेली. रात्रभर चार्ज केली तरी दुपारपर्यंत खलास. न वापरता नुसती ठेवली तरी आपोआप उतरायची. टोकांना पांढरी पूड धरायची, ती बोटाला चिकटायची आणि तिला आंबट वास यायचा.

फेकू म्हटलं तर फेकू देईना. "अजून चालतात की," हे त्याचं ठरलेलं उत्तर. वर त्याला कोणीतरी सांगितलं होतं की थंडीत ठेवले तर सेल कमी उतरतात. म्हणून ते दोघे फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खळग्यात, माझ्या लिंबांशेजारी. मी लिंबं साबणाने धुऊन वापरायचे.

बेलमध्ये एक-दोनची चांगली जोडी असायची. ती चार्जरला लागली तर तेवढ्यापुरती तीन-चारची.

आई बेल वाजवायच्या. पाणी हवं, कूस बदलायची, पंख्याचा वारा लागतोय, डायपर ओला झालाय. एका दुपारी बसून मोजलं... तेवीस वेळा. तेवीस वेळा नाकाला पदर आणि तेवीस वेळा तो वास. पावडर, डेटॉल आणि त्याच्या खालून वर येणारा तिसरा वास.

मार्चमधल्या एका दिवशी एक-दोन चार्जिंगला होते, म्हणून डबीत तीन-चार घातले. दीड वाजता बेल बंद पडली. मला कळलंही नाही. मी दोन तास गाढ झोपले, तीन महिन्यांत पहिल्यांदा. उठून बघितलं तर आई ओल्या झाल्या होत्या, बाकी काही नाही. संध्याकाळी सत्यजीतला सांगितलं तर तो म्हणाला, ते सेल तसेच आहेत, आपोआप डिस्चार्ज होतात, तुझी चूक नाही.

तुझी चूक नाही.

ते वाक्य मी उचललं, आणि वापरायला लागले.

रोज सकाळी सगळे गेले की मी एक-दोन काढायचे आणि तीन-चार घालायचे. त्याआधी त्यांना वीस मिनिटं चार्जरला लावायचे, जास्त नाही. तेवढ्यात बेल दीडपर्यंत चालायची आणि मग स्वतःहून मरायची. साडेचारला उठून पुन्हा एक-दोन घालायचे, शकूताई यायच्या आत. बेल बंद करणं आणि बेल बंद पडणं यात फरक असतो, असं मी स्वतःला सांगत होते. शाळेत मुलांना नीतिमूल्यं शिकवणारी बाई मी.

आता आठवलं की स्वतःच्या अंगावर शहारे येतात. पण तेव्हा फक्त झोप यायची.

आईंना डबी दिसत नव्हती, ती स्वयंपाकघरात. त्यांना दिसायचा फक्त बटणावरचा लाल ठिपका. म्हणजे त्यांच्या दृष्टीने बेल वाजतच होती.

आणि कोणी येत नव्हतं.

चार मेला साडेबाराला मी त्यांना पेज भरवली. दीड वाजता डबीने शेवटची एक मरगळलेली चिवचिव केली. मी गेले, कूस बदलली, आले. दोनला लाइट गेली. मी हॉलमध्ये चटई टाकून पडले आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा चार पस्तीस झाले होते.

घरात आवाज नव्हता. पण वास होता... रोजच्यापेक्षा जास्त.

मी नाकाला पदर लावला आणि खोलीत गेले.

पेज उलटून आली होती. नाकातोंडातून, गळ्यावर, उशीवर. घशात अडकून आई गेल्या होत्या, केव्हाच. उशीच्या अभ्र्यावरून बारीक लाल मुंग्यांची रांग चढत होती आणि ती त्यांच्या ओठांपर्यंत पोचली होती. डोळे उघडे. दाराकडे.

डावा अंगठा बटणावर होता.

तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन, धावत जाऊन त्यांना हलवलं असेल. नाही. मी आधी स्वयंपाकघरात गेले. डबी काढली, तीन-चार काढले, एक-दोन घातले. कोणी बघायच्या आत.

एक नंबरचा सेल बसला. दोन नंबरचा बसला...

आणि बेल वाजायला लागली.

थांबेचना. चिवचिव, चिवचिव, चिवचिव. माझ्या हातात. आईंचा अंगठा बटण दाबूनच ताठरला होता, हे मला कळत होतं, यात भूतबीत काही नव्हतं. पण ती डबी हातात धरून मी उभी होते आणि माझ्या मागच्या खोलीतून एक मेलेली बाई मला बोलवत होती.

जाऊन अंगठा सोडवावा लागला. एकेक बोट. हाताला काय काय लागलं ते मी इथे लिहीत नाही. मग मी बेसिनवर हात धुतले, ओकले, पुन्हा हात धुतले आणि सत्यजीतला फोन केला.

शकूताई त्याच्या आधी आल्या. त्यांनीच आईंना स्वच्छ केलं. पुसता पुसता त्या थांबल्या आणि तो डावा हात वर धरून मला दाखवला. अंगठा काळानिळा पडला होता, नखाखाली रक्त साकळलं होतं.

"वैनी, म्हातारीनं लय दाबलंय," त्या म्हणाल्या. "सकाली मी दाबून बगितली, तवा वाजली. तुमाला आयकू नाय आली?"

मी स्वच्छ चादर काढायला कपाटाकडे वळले.

सत्यजीतनेही अंगठा बघितला. डॉक्टरांना दारापर्यंत सोडून आला. मग त्याने तेच विचारलं, बेल वाजली नाही का?

मी म्हटलं, "तीन-चार होते आत. बंद पडली असणार. मी नंतर बदलले. सकाळी घाईत तूच घातले होतेस ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता. माणूस घाईत काय करतो ते कुठे आठवतं.

"घातले असतील," तो म्हणाला. "मीच फेकू दिले नाहीत ते."

इतकं सोपं होतं ते. त्याच्या आईचं मरण मी त्याच्या खिशात टाकलं आणि त्याने खिसा बंद केला.

नातेवाईक आले. सहा महिन्यांत ज्यांनी उंबरा चढला नव्हता ते आईंच्या हातच्या पुरणपोळीच्या आठवणी काढून रडले. मेल्या म्हशीला मणभर दूध. मला सगळ्यांचा वीट आला होता, सगळ्यांत जास्त स्वतःचा.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं.

आणि सुरू झालं.

आधी टीव्हीचा रिमोट. बेल काढून ठेवल्यावर सत्यजीतने एक-दोन रिमोटमध्ये घातले होते, पूर्ण चार्ज करून. रिमोटमध्ये ते महिनाभर जायला हवेत. दुसऱ्या दिवशी दुपारी... ठप्प. पुन्हा चार्ज केले. पुन्हा दुसऱ्या दुपारी ठप्प. त्याने रहीमभाईंच्या दुकानातून चार नवे आणले. जुन्या पनवेलमध्ये रहीमभाईंचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, सत्यजीत सगळं तिथूनच घ्यायचा. नवे सेल पूर्ण भरले, कपाटात ठेवले, हातही लावला नाही.

एका रात्रीत चारही रिकामे.

त्याने मीटर लावून बघितलं. म्हणाला, पडून पडून सेल उतरतात, पण महिन्याला पाव हिस्सा फार तर. एका रात्रीत कसे उतरतील?

मला वाटलं, असेल काही. मग मी स्वतः रिमोटचं झाकण उघडलं.

आतले सेल ओले होते...

आणि कोमट. कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखे. माझ्या बोटाला बुळबुळीत काहीतरी लागलं. मी न ठरवता बोट नाकाशी नेलं.

पावडर. डेटॉल. आणि तिसरा वास.

त्या दिवशी मी तीनदा अंघोळ केली.

सत्यजीतला मी हे सांगितलं नाही. त्याचं वेगळंच चाललं होतं. त्याचं जेवण तुटलं होतं. एका रात्री तो म्हणाला की त्याला फक्त एक कळायला हवं आहे. बेल नेमकी किती वाजता बंद पडली. म्हणजे आई किती वेळ नुसतंच बटण दाबत होती.

मेंटेनन्सचा माणूस. त्याला रडता येत नव्हतं, मोजता येत होतं.

शनिवारी, २२ मेला त्याने फ्रीजमधून तीन-चार काढले. ते तिथेच होते, लिंबांशेजारी, मी हात लावला नव्हता. त्याने ते पूर्ण चार्ज केले, डबीत घातले, डबी फ्रीजवर ठेवली. दर अर्ध्या तासाने बटण दाबायचं, जेव्हा वाजणार नाही तेव्हा घड्याळ बघायचं.

मला वाटलं, बरंच झालं. दुपारपर्यंत संपतील. त्याला त्याचा आकडा मिळेल आणि हे प्रकरण मिटेल.

दुपारी बारा... वाजली.

दोन... वाजली.

संध्याकाळी सात... वाजली.

रविवारी सकाळी वाजली. रविवारी रात्री वाजली.

सोमवारी कामावर जाताना त्याने मला सांगितलं की दिवसभर आता तू दाबत जा. नाही कसं म्हणणार? बटण त्याने आईंच्या पलंगावरच ठेवलं होतं, नेहमीच्या जागी. गादी काढून टाकली होती, नुसती फळी. बटणाच्या कडेच्या खाचेत काहीतरी पिवळट वाळून बसलं होतं. पेज. मी रुमालातून दाबायचे आणि रुमाल लगेच धुवायला टाकायचे.

आवाज कमी होत नव्हता. उलट वाढत होता. नव्या सेलवरही ती बेल इतकी खणखणीत वाजली नव्हती.

गुरुवारी मी दाबायचं सोडून दिलं. संध्याकाळी त्याला सांगू, वाजली म्हणून. त्याला काय कळतंय.

त्या दुपारी दोनला लाइट गेली. मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसले होते. पंखा हळूहळू थांबला. सगळं शांत झालं.

दोन पन्नासला...

चिवचिव.

मी डबीकडे बघितलं. एकदाच वाजून थांबली होती. शेजारच्या कोणाकडे अशीच बेल असेल, सिग्नल आला असेल, असं मनात म्हटलं.

चिवचिव.

चिवचिव. चिवचिव. चिवचिव.

थांबेना. मी उठले. खोलीपर्यंत बारा पावलं आहेत. दार उघडंच होतं.

फळीवर बटण होतं. लाल ठिपका पेटलेला.

आणि बटणाचा मधला भाग... आत दबलेला होता.

कोणी नव्हतं. खोलीत कोणीच नव्हतं, मी शपथेवर सांगते. फळी, बटण, खिडकी, बंद पंखा. पण बटण आत गेलेलं होतं आणि तसंच राहिलं होतं, आणि मागे स्वयंपाकघरात डबी ओरडत होती.

मग माझ्या डोळ्यांसमोर... टक् करून बटण वर आलं.

आवाज थांबला.

फळीच्या कडेवरून बारीक लाल मुंग्यांची रांग चालली होती. रिकाम्या फळीवर, जिथे खायला काहीही नव्हतं.

मी दाराची कडी लावली आणि सत्यजीत येईपर्यंत खाली गेटपाशी उन्हात उभी राहिले.

त्याला मी काही सांगू शकले नाही. काय सांगणार? आई बोलावतात म्हणून? का बोलावतात ते विचारलं असतं तर? चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. तो मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. बेल वाजत होती. आठवडा झाला. दोन आठवडे झाले. मधे एकदाही चार्ज न करता.

पाच जूनला, शनिवारी दुपारी, तो ते दोन सेल घेऊन रहीमभाईंकडे गेला. मीही बरोबर गेले. घरात एकटं थांबायची माझी छाती नव्हती.

रहीमभाई साठीचे. पोरं कुवेतला, हे दुकान सोडत नाहीत. त्यांनी सेल हातात घेतले, पांढरी पूड बघून नाक मुरडलं, फडक्याने पुसले. मीटर लावलं. मग म्हणाले की मीटर फसवतं, लोड दिल्याशिवाय सेलची खरी ताकद कळत नाही. त्यांनी सेलवर एक बल्ब लावला आणि आम्हाला चहा मागवला.

चहा संपला. आणखी गिऱ्हाइकं येऊन गेली. तासभर झाला. बल्ब तसाच, जराही मंद नाही.

रहीमभाईंनी पुन्हा मीटर लावलं आणि चष्मा काढला.

"साहेब, हे खराब आहेत असं कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "वरून सडलेत. आत फुल्ल आहेत. आपण नवा घेतो ना, तोही एवढा नसतो. दोन हप्ते चार्ज न करता? ही चीज माझ्या समजुतीबाहेरची आहे."

मग त्यांनी सेल सत्यजीतच्या हातात दिले नाहीत, काउंटरवर ठेवले. आणि फडकं कचऱ्यात टाकलं. मग मागे जाऊन हात धुऊन आले.

आम्ही रिक्षाने परत निघालो.

घरी आलो. त्याने सेल डबीत घातले. डबी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. साडेतीन वाजले असतील.

"रेवा," तो म्हणाला, "त्या दिवशी बेल बंद पडलेली नव्हती."

मी डबीकडे बघितलं.

"इतके दिवस मीच यांना खराब म्हणत होतो, पण हे सेल संपतच नाहीत. म्हणजे बेल वाजत होती. आई दाबत होती आणि बेल वाजत होती. तू घरात होतीस."

मला तेव्हा कळलं माझ्याकडून काय काढून घेतलं गेलंय. माझी एकच ढाल होती. ते दोन खराब सेल. बेल बंद पडली, कोणाची चूक नाही. आणि आईंनी घरातला प्रत्येक सेल रिकामा करून तेवढेच दोन भरले होते.

कसे, ते मला विचारू नका.

मी ओरडले. म्हटलं, "नव्हती वाजत. मीच वीस मिनिटं चार्ज केले होते. रोज तेवढेच करायचे. दुपारी बंद पडावी म्हणून. तू नाही घातलेस, मी घातले. पण वाजली नाही, सत्यजीत, खरंच वाजली नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका आरोपातून सुटायला मी दुसरा कबूल करून बसले. पण निदान ते खरं होतं. एवढ्या दिवसांत माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं.

त्याने विश्वास ठेवला नाही.

तो उठून आईंच्या खोलीत गेला, कडी काढली. मी टेबलाशीच होते. डबी माझ्यापासून हातभर अंतरावर.

चिवचिव.

तो दारात आला. म्हणाला, "ही अशी वाजते. सगळ्या घरात ऐकू येते. आणि तू पडून राहिलीस."

मी म्हटलं, तेव्हा बेल मेली होती, सेल मेले होते. तो म्हणाला, "मेलेत कुठे?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

हे सगळं सांगायला मी सात वर्षं घेतली. आम्ही अजून त्याच घरात आहोत. तो आईंच्या खोलीत झोपतो, त्याच पलंगावर. स्वतःचं स्वतः शिजवतो. मी धुतलेलं ताट तो परत धुऊन घेतो. एकदा माझा हात चुकून त्याच्या पाण्याच्या पेल्याला लागला, तर त्याने पाणी बेसिनमध्ये ओतलं. त्याला माझी किळस येते. ती कशी असते ते मला कोणी समजावून सांगायला नको.

डबी फ्रीजवर आहे. तीन-चार आत आहेत. इतक्या वर्षांत कोणी चार्ज केलेले नाहीत. मध्येच एखाद्या दुपारी वाजते. सत्यजीत घरात असला तरी उठत नाही, तो म्हणतो तुझ्यासाठी आहे. मी जाते. दरवेळी जाते, पदर न लावता. दारातून सांगते, आले आई. मग ती थांबते.

पण याची मला आता भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती या पानावर सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

सत्यजीतशी भांडताना मी शंभरदा सांगितलंय की त्या दुपारी बेल वाजली नाही. मला पक्कं माहीत होतं. आईंचे डोळे, उशी, मुंग्या, सगळं मला जसंच्या तसं आठवतं. झोपले तेव्हाचं काहीच आठवत नव्हतं. झोपलेल्या माणसाला काय आठवणार?

गेल्या महिन्यापासून आठवायला लागलंय. थोडं थोडं.

हॉलमधली चटई. पायांवर आलेलं ऊन. गळ्याचा घाम. मी कुशीवर वळले होते. आणि सोफ्यावरची उशी ओढून घेऊन मी ती डोक्यावर घट्ट दाबून धरली होती, दोन्ही हातांनी, कान झाकतील अशी.

घरात लाइट नव्हती. पंखा बंद होता. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

बेल जर बंद होती, तर मी कशाचा आवाज बंद करत होते?